चवदार तळ्यावर मुलांना नेताय? या चुका टाळा

रायगडाची सहल ठरली की कुणीतरी म्हणतंच, "येताना महाडला चवदार तळं पण दाखवू." पहिली चूक इथंच होते, आणि ती मी सलग तीन वर्षं केली. गड उतरून दमलेली मुलं, वीस मिनिटं, एक ग्रुप फोटो. घरी गेल्यावर त्यांना रोपवे तेवढा आठवतो. महाडला मुक्काम करा, तळं सकाळी निवांत पाहा, गड दुसऱ्या दिवशी.

दुसरी चूक सांगण्यातली. "२० मार्च १९२७ ला बाबासाहेब पाणी प्यायले आणि तळं खुलं झालं," असं मुलं वहीत लिहितात, कारण आपण गोष्ट ओंजळीपाशीच संपवतो. अस्पृश्यांना तिथं पाणी भरायचा हक्क कागदावर आधीच होता: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करणारा मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा बोले ठराव, मग १९२४ मध्ये महाड नगरपालिकेचा. तरीही वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, बाबासाहेबांच्या महाड परिषदेला आलेल्या अस्पृश्यांना मारहाण झाली, शेण-गोमूत्र, दूध-दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाआड कोर्टाचा मनाईहुकूम आला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला, पण मार्च १९३७ मध्ये. मी आता विचारते, "१९२७ मध्ये तू बारा वर्षांची असतीस, तर निकालाच्या वेळी किती?" बावीस, असं उत्तर येतं आणि वर्ग गप्प होतो.

तिसरी चूक मला अजून छळते. तळ्याकाठी मी एका मुलीला म्हटलं, "तुमच्या समाजाचं तू सांग." ती दोन वाक्यं बोलली आणि परतीच्या प्रवासात खिडकीकडे तोंड करून बसली. पाणी ज्यांनी अडवलं त्यांच्या नातवंडांना मी काहीच विचारलं नव्हतं. जातीच्या चिठ्ठ्या वाटून नाटुकली करणंही तितकंच वाईट.

आता सहलीआधी सगळ्यांनाच एक काम असतं: आपल्या गावात पाणी कोण, कुठून भरायचं, हे आजी-आजोबांना विचारून या. एकानं लिहून आणलं, "आमच्या विहिरीवर त्यांना वरून पाणी ओतायचे. एवढं बोलून आजी उठून गेली." ते मी वर्गात मोठ्यानं वाचलं नाही.

सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे या सवर्ण सहकाऱ्यांची साथ जरूर सांगा. पण परिषदेसाठी राबलेले दलित कार्यकर्ते रामचंद्र मोरे त्यांच्यामागे झाकले जाऊ देऊ नका.

"बाई, आता असं नसतं ना?" हा प्रश्न येतोच. "नाही रे" म्हणून मोकळं होऊ नका. अस्पृश्यता नष्ट करणारं संविधानाचं कलम १७ वाचून दाखवा आणि उलट विचारा, मग १९८९ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा का करावा लागला? उत्तराला वेळ लागला तर लागू द्या.

आणि लहान वर्ग असेल तर २० मार्च टाळा. त्या दिवशी अभिवादनाला फार मोठी गर्दी असते, मुलांना धड उभंही राहता येत नाही.