जुन्या हेवी रॉक सिंगल्स शोधताय? या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरातल्या एका वाड्याच्या माळ्यावरून खोकं खाली आलं. सगळ्यात वर नाट्यगीतं होती. त्याखाली आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, मग डॉ. राजकुमारांच्या सिनेमांची कन्नड गाणी, आणि अगदी तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अकरा सात इंची तबकड्या. घरातले थोरले काका बोटीवर नोकरीला होते. परदेशातल्या बंदरांत उतरले की दोन-तीन सिंगल्स, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, घेऊन यायचे. काका आता नाहीत. काकूंनी खोकं माझ्याकडं दिलं आणि म्हणाल्या, "बघा, वाजतंय का काही."

त्या रात्री पहिलीच तबकडी लावली आणि अंगावर काटा आला. गिटार खोल, ड्रम सावकाश, गायक विहिरीच्या तळातून ओरडत असल्यासारखा. १९७० च्या आसपास कुणी इतकं जड वाजवत होतं यावर विश्वास बसेना. पाच-सहा वेळा ऐकली. सकाळी पाहिलं तर प्लेअर ३३ वर होता आणि तबकडी ४५ ची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घ्यायची.

वेग आधी, मत नंतर

४५ ची सिंगल ३३ वर लावली की सूर पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या उतरतो. म्हणजे मध्य सप्तकातला सा थेट मंद्र पंचमावर जाऊन बसतो. तीन मिनिटांचं गाणं चार मिनिटांचं होतं. इतर संगीतात ही चूक लगेच पकडली जाते. लताबाईंचा आवाज पुरुषी झाला तर लहान मूलही सांगेल. पण ज्या बँडचं नावही आपण कधी ऐकलं नाही, त्याच्या जड गाण्यात ही चूक चूक वाटतच नाही. ते गाणं आणखी भारी वाटतं, म्हणूनच ती धोक्याची.

ओळखायची कशी? झांजेकडं कान द्या. ती 'छन्न' करून विरायला हवी. पितळी परात फरशीवर पडल्यासारखी घरंगळत लांबत गेली तर वेग चुकलाय. गायकाचा 'स' जाड, फसफसणारा आला तरी तेच. उलटी फसगतही होते, कारण सात इंची तबकडी म्हणजे ४५ च असं नाही. आपल्याकडं ३३ वर वाजणाऱ्या सात इंचीही निघाल्या. आकार बघून ठरवू नका, लेबल वाचा.

दुसरी गोष्ट बेळगावात मी तीन घरांत पाहिली. मुलगा किंवा भाचा अमेरिकेतून जुना प्लेअर घेऊन येतो, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतो आणि समजतो की काम झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, बदलत नाही. तिकडं ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. जुन्या प्लेअरची एसी मोटर त्या हर्ट्झवरच फिरते, त्यामुळं ४५ ची तबकडी साडेसदतीसच्या वेगानं फिरत राहते. हा फरक ३३-४५ इतका मोठा नसल्यानं वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. त्या प्लेअरला ५० हर्ट्झची पुली, म्हणजे मोटरवरची कप्पी, मिळते का बघा, नाहीतर डीसी मोटरचा प्लेअर घ्या. वेग तपासायची रेषांची चकती (वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्या रेषा स्थिर दिसतात) आणणार असाल तर तीही ५० हर्ट्झचीच हवी. ३३ साठी आपल्याकडं १८० रेषा लागतात. अमेरिकन चकतीवर २१६ असतात, ती ट्यूबलाइटखाली धरलीत तर चांगला प्लेअरही खोटा ठरेल.

"बेस गेला कुठं?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. गाणं हेवी म्हणून आणलेलं, आणि वाजतंय डबा बडवल्यासारखं. बहुतेक वेळा दोष तबकडीचा नसतो. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे सूर मुद्दाम वाढवलेले असतात, नाहीतर खोबणी मावणारच नाही. वाजवताना फोनो प्रीअँप नावाचं छोटं सर्किट हे पुन्हा उलटं करून मूळ तोल आणतं. मॅग्नेटिक कार्ट्रिजची (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली डबी) वायर तुम्ही थेट अँप्लिफायरच्या ऑक्स नावाच्या साध्या भोकात किंवा कॉम्प्युटरला खुपसलीत की आवाज बारीक येतो आणि खर्ज गायब होतो. फोनो लिहिलेल्या भोकात लावा किंवा छोटा प्रीअँप मध्ये घाला. जुन्या पेटीवजा प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजला मात्र त्याची गरज नसते. त्याला फोनोत लावलं तर आवाज फाटेल.

सुई उडते म्हणून आर्मवर नाणं ठेवायची सवय अजून गेलेली नाही. ते नाणं काढा. आजच्या बऱ्याचशा कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. वरून चार-पाच ग्रॅम पडले तर एका रात्रीत खोबणीचे काठ झिजतात, आणि अशा तबकडीचे जगात कदाचित मोजकेच नग उरलेले असतील. अमेरिकन सिंगलचं भोक दीड इंची असतं. अंदाजानं मध्ये ठेवून वाजवू नका, सूर पाळण्यासारखा हलतो. प्लॅस्टिकचं अडॅप्टर किरकोळ पैशात मिळतं.

धुण्याआधी वाचा

इथं मी कायमचं नुकसान करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेळगावचा पावसाळा तबकड्यांचा वैरी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती पाझरतात, आणि माळ्यावरच्या कागदी पाकिटांना पांढरी बुरशी धरते. काकूंच्या खोक्यातल्या सात तबकड्यांवर ती होती. मी घाईघाईनं मोरीत नळाखाली धरल्या. चौथ्या तबकडीच्या लेबलवर निळ्या शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं, दोन ओळी, शाईपेनानं, बारीक अक्षरात. पाणी पडलं आणि निळा ओघळ काळ्या खोबणीतून माझ्या बोटांवर आला. मी वाचायच्या आत दोन्ही ओळी गेल्या. कदाचित बंदराचं नाव असेल, कदाचित तारीख, किंवा ज्यानं दिली त्याचं नाव. अशा बँडांची माहिती पुस्तकात नसते. लेबलवरचं हाताचं अक्षर हाच कधीकधी एकमेव कागद असतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो घ्या. मग दिवा तिरका धरून गाणं संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे-अक्षरं लिहून घ्या. मूळ तबकडी आणि नंतरची नक्कल यांतला फरक पुष्कळदा तिथंच सापडतो. पाकिटावर बारकोड असेल तर ते पाकीट १९७० चं असूच शकत नाही, कारण दुकानात बारकोड पहिल्यांदा वापरला गेला तोच १९७४ मध्ये. तबकडी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली आहे ते फेकू नका. त्यावरची तारीख सांगते की ती तबकडी त्या दिवसानंतरच कधीतरी गुंडाळून ठेवली गेली.

मग धुणं. बुरशी आधी कोरडीच, घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशनं झाडा. राकसकोपचं पाणी प्यायला छान, पण वाळल्यावर कुठल्याही नळाच्या पाण्याचे क्षार खोबणीत बसतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाका, खोबणीच्या दिशेनं गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा, आणि शेवटी साध्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून घ्या. स्पिरिट वापरायचा मोह होतो. ७८ च्या लाखेच्या तबकडीवर ते कधीही नको, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आपल्याकडं १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर निघत होती, तेव्हा इंग्रजी गाणं आहे म्हणजे व्हिनाइलच असणार हे धरून चालू नका. वाळवायला गच्चीवर पापडासारखं उन्हात घालू नका, आणि वाकलेल्या तबकडीवर इस्त्री तर अजिबात नको. दोन जाड काचांमध्ये वजन ठेवून काही आठवडे थांबा.

नाव सारखं, माणसं वेगळी

आयर्न मेडन नावाच्या एका ब्रिटिश बँडची सिंगल १९७० मध्ये निघाली. आज जग ज्यांना ओळखतं ते आयर्न मेडन लंडनमध्ये १९७५ च्या नाताळात एकत्र आले. दोघांचा काही संबंध नाही. आपल्या जवळचं उदाहरण व्हेल्वेट फॉगचं. त्या नावाचा एक बँड इंग्लंडमध्ये होता, ब्लॅक सॅबथ या हेवी रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी त्यात थोडे दिवस वाजवून गेला. जवळपास त्याच नावाचा दुसरा बँड मुंबईत होता, आणि त्यात गायचे नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. मराठी रंगभूमीच्या घरातला मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गात होता, आणि हे आपल्यातल्या कित्येकांना ठाऊक नाही. सिगारेट कंपनीच्या 'सिमला बीट' स्पर्धेतल्या बँडांचे १९७० आणि १९७१ चे लाँगप्लेही असेच विस्मरणात गेले आणि मग परदेशी संग्राहकांनी उचलून धरले. म्हणून नुसतं नाव जुळलं की हुरळू नका. लेबल कंपनी, क्रमांक, देश आणि गाणं लिहिणाऱ्याचं नाव, चारही जुळवा.

विचारायचं कसं

"इंग्लिश रॉकच्या रेकॉर्डी आहेत का?" असं विचारलं की उत्तर "नाहीत" हेच. घरच्यांना रॉक माहीत नसतं. "पूर्वी घरात फोनो होता का? प्लेटा कुठं ठेवल्यात?" असं विचारा. भंगारवाल्याकडं कन्नडमध्ये "हळे रेकॉर्ड अदावेनरी?" (जुन्या रेकॉर्डी आहेत का?) म्हटलं की तो पोत्यात हात घालतो. कॅम्पातली जुनी गोवेकर कुटुंबं, पलटणीतून निवृत्त झालेल्यांची घरं, खानापूर-लोंढ्याकडच्या रेल्वेवाल्यांच्या खोल्या, इथं सापडायची शक्यता जास्त. चोर्ला घाटानं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही जाऊन या.

आणि सापडलेली तबकडी मोलाची आहे हे कळलं तर घरच्यांना ते सांगा. गप्प बसून वीस रुपयांत उचलणं मला पटत नाही. तबकडी त्यांच्या माणसानं समुद्रापलीकडून छातीशी धरून आणलेली असते.

पाठची बाजू

शेवटची चूक फार साधी, पण सगळ्यात जास्त गाणी तिच्यामुळं हुकतात. आपण पहिली बाजू ऐकतो, बरी वाटली नाही की बाजूला ठेवतो. पण पहिली बाजू बहुतेकदा कंपनीची पसंती असे, रेडिओवर चालेल असं काहीतरी. बँडला स्वतःचं जे वाजवायचं होतं ते पाठीमागं जायचं. ब्लॅक सॅबथची १९७० ची पहिली सिंगल घ्या. पुढं क्रो या अमेरिकन बँडकडून घेतलेलं 'ईव्हिल वूमन', आणि पाठीमागं त्यांचं स्वतःचं 'विकेड वर्ल्ड', जे इंग्लंडमधल्या त्यांच्या पहिल्या लाँगप्लेवर नव्हतंच. उत्तर आयर्लंडच्या स्वीट सॅव्हेज या बँडचं १९८१ च्या सिंगलच्या पाठीमागचं गाणं पुढं मेटॅलिका या अमेरिकन बँडनं वाजवलं, तेव्हा जगाला कळलं. दोन्ही बाजूंना एकच गाणं दिसलं तर मात्र ती अमेरिकन रेडिओसाठी काढलेली प्रत असू शकते, एका बाजूला मोनो, दुसऱ्या बाजूला स्टिरिओ. मोनो बाजूला अँपचं मोनो बटण दाबा, खरखर बरीच कमी होते.

अकराही तबकड्या मी योग्य वेगानं कॉम्प्युटरवर २४ बिटमध्ये, म्हणजे बारकावे टिकतील अशा, उतरवल्या. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर न लावलेली मूळ फाइल वेगळी ठेवली, कारण त्या साफसफाईत झांजा आधी मरतात. मग प्लेअर उचलून शहापूरला गेलो. ज्या तबकडीची शाई माझ्या हातून गेली, तीच काकूंना पहिल्यांदा ऐकवली. लेबलवर जी बाजू पहिली छापली होती ती लावली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. थोडं ऐकलं आणि मान हलवली.

"हे नव्हं की. ह्याच्या पाठीमागचं लावायचे ते. रोज."

मी सुई उचलली आणि तबकडी उलटली.