बिटटोरेंट क्लायंटमध्ये एक्स्टेन्शन जोडताना या चुका टाळा

टोरेंट फाइल दिली की डाउनलोड सुरळीत, मॅग्नेट लिंक (टोरेंट फाइलऐवजी फक्त तिची ओळख देणारा दुवा) दिली की मात्र क्लायंट मेटाडेटाची, म्हणजे फाइलींची नावं, आकार वगैरे माहितीची, वाट बघत ताटकळतो. असं दिसलं की मी सगळ्यात आधी मेसेजचे आयडी तपासतो.

एक्स्टेन्शनचा, म्हणजे मूळ प्रोटोकॉलला जोडलेल्या जादा सोयीचा, प्रत्येक मेसेज २० नंबरखाली जातो आणि त्याच्या आत आणखी एक आयडी असतो. हा आतला आयडी सगळ्यांसाठी एकच नसतो, इथेच घोळ होतो. समजा, एक्स्टेन्शन हॅन्डशेकच्या (जोडणी होताच एकमेकांना पाठवायच्या ओळख-मेसेजच्या) 'एम' डिक्शनरीत, म्हणजे एक्स्टेन्शनची नावं आणि आयडी यांच्या यादीत, तुम्ही 'यूटी_मेटाडेटा' (मेटाडेटा मागवायचं एक्स्टेन्शन) ३ म्हणून जाहीर केलं आणि समोरच्या पीअरने, म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या क्लायंटने, २ म्हणून. मग तुम्ही त्याला २ वापरून पाठवायचं, तो तुम्हाला ३ वापरून पाठवणार. उत्तर देतानाही तेच: विनंती ३ वर आली म्हणून उत्तर ३ वर पाठवलंत, तर त्याला ते कळणार नाही. स्वतःच्याच क्लायंटच्या दोन प्रती जोडून चाचणी घेतली तर ही चूक सापडतच नाही, कारण दोन्हीकडे आकडे तेच! एका प्रतीतले आकडे मुद्दाम बदलून बघा. आणि आयडींचा तक्ता प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळा ठेवा.

हॅन्डशेक मध्येच पुन्हा येऊ शकतो. त्यात नसलेली एक्स्टेन्शन्स पुसून टाकू नका. आयडी ० आला असेल तेवढंच बंद करायचं.

आयडी बरोबर असूनही मेटाडेटा अडत असेल तर पार्सर (आलेले मेसेज वाचून उलगडणारा कोड) बघा. मेटाडेटाच्या उत्तरात आधी बेनकोड (बिटटोरेंटची डेटा लिहायची पद्धत) केलेली डिक्शनरी असते आणि तिला चिकटून कच्चे बाइट, एका तुकड्यात १६ केआयबी, शेवटच्यात बहुधा कमी. बरेच पार्सर हे उरलेले बाइट बघून एरर देतात. बेनकोडमध्ये आकडा आणि डिक्शनरी दोन्ही 'ई'ने संपतात, मग कोणीतरी लागोपाठ दोन 'ई' शोधून तिथे कापायची शक्कल लढवतं. नेहमीच्या तीन कींवर ते नशिबाने चालतं, पण उद्या एखाद्या कीच्या नावातच दोन 'ई' आले की संपलं. डिक्शनरी कुठल्या बाइटला संपली ते पार्सरनेच सांगायला हवं.

पीअरने कळवलेल्या 'मेटाडेटा_साइझ'वर (मेटाडेटाच्या आकारावर) विसंबून मेमरी राखून ठेवू नका, आधी कमाल मर्यादा घाला. सगळे तुकडे जमले की त्यांचा शा-१ हॅश (डेटाचा ठसा) काढून मॅग्नेट लिंकमधल्या इन्फो-हॅशशी ताडून बघा. जुळला नाही तर ते फेकून दुसऱ्या पीअरकडे मागा. आलेल्या मेटाडेटात 'प्रायव्हेट' १ असेल तर पीअर एक्स्चेंज (पीअरकडून इतर पीअरचे पत्ते घेणं) आणि डीएचटी (ट्रॅकरशिवाय पीअर शोधायचं जाळं) दोन्ही त्याच क्षणी बंद.