मॉसमधल्या सूत्रकृमीची नवी प्रजाती लिहायची कशी

कोल्हापुरात सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक जंत, इंग्रजीत नेमॅटोड) म्हटलं की समोरचा लगेच टोमॅटोच्या मुळावरच्या गाठी दाखवतो आणि औषध कुठलं सोडू विचारतो. पण पिकाशी काही देणंघेणं नसलेले सूत्रकृमीही लई आहेत, भिंतीवरच्या, दगडावरच्या, झाडाच्या सालीवरच्या मॉसमध्ये मजेत राहणारे, बहुतेक एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान. आपल्याकडं त्यांच्याकडं फारसं कुणी बघत नाही. एमेस्सी, पीएचडीच्या पोरांनी बघावं म्हणून हे लिहितोय. आणि एक आधीच सांगतो, मायक्रोस्कोपखाली सापडते ती नुसती अळी (सूत्रकृमीलाच मी पुढं अळी म्हणतोय), ती नवी आहे की नाही हे नंतर टेबलावर बसून, जुनी वर्णनं उपसून सिद्ध करावं लागतंय.

मॉस गोळा करायला गगनबावडा, आंबा घाट, चंदगडची बाजू, कुठंही जावा. पावसाळ्यात हिरवंगार मिळतंय, पण उन्हाळ्यातलं वाळून कुरकुरीत झालेलं मॉसही चालतंय, कारण हे सूत्रकृमी मॉसबरोबर वाळतात आणि पाणी मिळालं की परत हलायला लागतात. फक्त पन्हाळ्याच्या तटबंदीवर खरवडत बसू नका, ती संरक्षित वास्तू आहे आणि 2025 पासून युनेस्कोच्या यादीतही आहे, आणि राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काहीच उचलायचं नाही. नमुना कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कुजतो. पाकिटावर तारीख, जीपीएस, उंची आणि मॉस कशावर होतं (जांभा, काळा दगड, आंब्याची साल) ते तिथंच लिहा, आणि मॉसचा तुकडा वनस्पतीशास्त्रवाल्यांकडनं ओळखून घ्या.

अळ्या बाहेर काढायला बेअरमन फनेल, 1917 पासून चालत आलेली पद्धत. फनेलच्या खाली रबरी नळी आणि क्लॅम्प, वर जाळीवर टिश्यू पेपर, त्यात मॉस कुस्करून, आणि मॉस बुडेल एवढं पाणी. अळ्या वळवळत टिश्यूतनं खाली उतरतात, एकदोन दिवसांनी क्लॅम्प सोडून तळाचं थोडं पाणी काढून घ्यायचं. मला विचाराल तर फनेलपेक्षा पसरट ताट आणि चाळणी बरी, पाण्याचा थर पातळ राहतो म्हणून अळ्या गुदमरत नाहीत. नळाचं क्लोरीनवालं पाणी नको. पाण्यात टार्डिग्रेड आणि रोटिफर हे दुसरे सूक्ष्म प्राणीही दिसतील, टार्डिग्रेडला पाय असतात आणि रोटिफर आखडतो-लांबतो. सूत्रकृमीला फक्त लांबीच्या दिशेचे स्नायू असतात म्हणून तो सतत इकडून तिकडं वाकत राहतो, एकदा बघितला की परत चुकत नाही.

आता घाई करायची नाही. आधी जिवंत अळीचे फोटो आणि व्हिडिओ घ्या, उत्सर्जन छिद्र आणि ओठांची ठेवण ताज्या अळीत जेवढी नीट दिसते तेवढी नंतर दिसत नाही. मग वाटणी करा. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या अळीतनं डीएनए काढणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून काही अळ्या डेस द्रावणात (डीएमएसओ, ईडीटीए आणि भरपूर मीठ) ठेवायच्या आणि बाकीच्या स्लाइडसाठी. स्लाइडवाल्या अळ्या साधारण 60 ते 65 अंशांच्या गरम पाण्यानं मारायच्या, उकळतं ओतलं तर आतलं सगळं शिजतंय. मेल्यावर अळी सरळ राहते, सीसारखी वळते का वेटोळं करते हेही लिहून ठेवा, ते ओळखीचं लक्षण असतंय. मग फॉर्मलिन, आणि तिथनं अल्कोहोलमार्गे हळूहळू ग्लिसरीनमध्ये, 1959 ची साइनहॉर्स्टची पद्धत अजून सगळे वापरतात. ग्लिसरीन एकदम दिलं तर अळी आक्रसते. स्लाइडवर मेणाचं रिंगण करताना कव्हरस्लिपखाली अळीच्या जाडीचे काचेचे धागे ठेवायला विसरू नका, नाहीतर अळी चपटी होते, रुंदी वाढते आणि पुढची सगळी मापं बोंबलतात.

मापं डी मान या शास्त्रज्ञानं ठरवलेल्या गुणोत्तरांत द्यायची. समजा मादी 800 मायक्रॉन लांब, सगळ्यात जाड जागी 25, अन्ननलिका 200, शेपूट 80, गुदाजवळची रुंदी 16 आणि योनिछिद्र डोक्यापासून 400 वर. तर ए म्हणजे लांबी भागिले जाडी, 800 भागिले 25, 32. बी म्हणजे लांबी भागिले अन्ननलिका, 4. सी म्हणजे लांबी भागिले शेपूट, 10. सी-प्राइम म्हणजे शेपूट भागिले गुदाजवळची रुंदी, 5. आणि व्ही म्हणजे योनिछिद्र लांबीच्या किती टक्क्यांवर, 50 टक्के. अशी मापं शक्य तेवढ्या प्रौढ माद्यांची घ्यायची, नर असतील तर त्यांचीही, आणि तक्त्यात सरासरी, विचलन, किमान-कमाल द्यायचं. मॉसमधल्या कित्येक प्रजातींत नर क्वचितच दिसतो किंवा दिसतच नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण नुसती पिल्लं किंवा एकुलती एक मादी घेऊन नवी प्रजाती लिहायला जाऊ नका, प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय नियम आडवा येत नाही पण रिव्ह्यूअर येतो, आणि बरोबरच करतो.

जीनस (प्रजातीच्या वरचा गट) आधी तोंडावरनं ओळखायचा. नळीसारखं तोंड, शेपटीला तीन ग्रंथी आणि टोकाला चिकट धागा सोडायची नळी असेल तर प्लेक्टसकडं बघा, हा बॅक्टेरिया खातो. तोंडात मोठा दात असेल तर प्रिओन्क्युलससारखा शिकारी, तोंडात सुईसारखं स्टायलेट आणि अन्ननलिकेच्या मध्ये मोठा गोल फुगा असेल तर अफेलेंकॉइडीसची बाजू. त्यानंतरचं काम सगळ्यात किचकट. प्लेक्टस जीनस बास्टियननं 1865 ला मांडला, म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळातली वर्णनं चाळायची, त्यातली बरीच जर्मन नाहीतर फ्रेंचमध्ये, आणि जवळच्या प्रत्येक प्रजातीशी एकेक लक्षण ताडून बघायचं. लांबी जास्त भरली म्हणून प्रजाती नवी होत नाही, खायला चांगलं मिळालं तरी अळी मोठी होते. ओठ, अँफिडचा (डोक्याच्या बाजूचं वास घ्यायचं इंद्रिय) आकार आणि जागा, बाजूच्या रेषा, शेपटीचं टोक, नराचे स्पिक्युल (मीलनाचे काटे), असली दोनतीन लक्षणं सगळ्या नमुन्यांत टिकून वेगळी दिसली पाहिजेत. सोबत डीएनएतले 18एस जनुक आणि 28एस जनुकाचा डी2-डी3 भाग सिक्वेन्स करून जेनबँकमध्ये (सिक्वेन्सचा सार्वजनिक ऑनलाइन साठा) टाका. पण अळी ट्यूबमध्ये चिरडायच्या आधी तिचे फोटो काढा, नाहीतर सिक्वेन्स कुणाचा हे सांगणार कसं. डीएनए वेगळा आला तरी वर्णन सुटत नाही, आणि जुन्या प्रजातींपैकी कित्येकांचा सिक्वेन्सच जेनबँकमध्ये नसतो हे ध्यानात ठेवा.

नाव ठेवताना जागेवरनं ठेवलेलं सोपं पडतंय. सैबेरियाच्या कायम गोठलेल्या मातीतनं जिवंत झालेल्या अळीला 2023 ला पॅनाग्रोलायमस कोलिमाएन्सिस नाव दिलं, कोलिमा नदीवरनं. तसं तुमचं गगनबावडेन्सिस होऊ शकतंय, फक्त जीनसचं लिंग बघा, नपुंसकलिंगी असेल तर शेवट एन्से. माणसाच्या नावावरनं ठेवायचं तर पुरुषाला आय, बाईला एई. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण लोक हसतात. आणि पेपर यायच्या आधी नाव फेसबुकवर किंवा पोस्टरवर टाकू नका, वर्णनाशिवायचं नाव नियमात धरत नाहीत आणि नुसता गोंधळ होतो.

पेपरमध्ये नाव नवीन आहे हे स्पष्ट लिहायचं, एक होलोटाइप (नाव ज्याच्याशी कायमचं बांधलं जातं तो एकच नमुना) ठरवायचा, वर्णनातले बाकीचे नमुने पॅराटाइप, आणि होलोटाइप कुठं ठेवलाय ते सांगायचंच, नाहीतर नाव ग्राह्यच होत नाही. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकची (प्राण्यांच्या नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदणी छापायच्या आधी हवी आणि तिचा उल्लेख पेपरमध्येच हवा, हा नियम 2012 पासूनचा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांच्या नादाला लागू नका, नेमॅटोलॉजी किंवा झूटॅक्सासारखं धरा, वेळ लागू दे. भारताच्या जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 प्रमाणं नवी प्रजाती नेमलेल्या संग्रहालयाला कळवून नमुना जमा करावाच लागतो. प्राण्यांसाठी ते म्हणजे कोलकात्याचं झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, पुण्यात आकुर्डीला त्यांचं पश्चिम केंद्र आहे, तिथं आधी बोलून घ्या. जमा केलेल्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक हातात आला की तो पेपरमध्ये घाला आणि मगच सबमिट करा.