जर्मनीत शेजारी गोंगाट करत असेल तर: घरमालकाला लिहा

इथल्या पहिल्या घरात मी चार महिने 'जाऊ दे' म्हणत काढले. वरचा गृहस्थ रात्री साडेअकराला स्पीकर लावायचा आणि मी कानात कापूस घालून पडायचो. गणपतीत मांडवाशेजारी झोपायची सवय असलेला पुणेकर मी. नव्या देशात आल्याआल्या तक्रार करून भांडखोर ठरायचं कशाला, असं वाटायचं. ते चार महिने बुडाले ते बुडालेच.

कारण असं, की तुमचा करार घरमालकाशी आहे, शेजाऱ्याशी नाही. नीट राहता येईल असं घर देणं ही त्याची जबाबदारी. इथल्या नागरी संहितेच्या कलम 536 नुसार घरात दोष असला की भाडं त्या प्रमाणात कमी होतं, आणि रोजचा असह्य आवाज हाही दोषच. पण मालकाला कळवलंच नसेल, तर त्या काळातली कपात मागता येत नाही. तोंडी सांगू नका, लिहून पाठवा आणि प्रत ठेवा.

त्याआधी एकदा शेजाऱ्याची बेल वाजवून पाहा. जुन्या इमारतींच्या लाकडी तक्तपोशीतून खाली किती ऐकू येतं, याची वरच्याला खरंच कल्पना नसते. फरक पडला नाही तर आवाजाच्या नोंदींची वही ठेवा. तिला इथे 'लेर्मप्रोटोकोल' म्हणतात. तारीख, कधीपासून कधीपर्यंत, कसला आवाज, सोबत कोण होतं. बर्लिनमधल्या एका इमारतीत पर्यटकांना दिलेल्या घरांचा त्रास होता. त्या खटल्यात सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं की मिनिटामिनिटाची नोंद लागत नाही, कसला आवाज, केव्हा, किती वेळ आणि किती वेळा होतो एवढं सांगणं पुरे. तरी दोन आठवड्यांची वही हाताशी असली की मालक टोलवाटोलवी कमी करतो.

आता सगळ्यात मोठी चूक. परस्पर वीस-तीस टक्के कापून भाडं भरू नका. कपात जास्त ठरली आणि थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी झाली, तर मालक तुमचाच करार तडकाफडकी रद्द करू शकतो. भाडं पूर्ण भरा, पण 'उंटर फोरबेहाल्ट', म्हणजे जादा भरलेलं परत मागायचा हक्क राखून, असं लेखी कळवून. टक्का किती धरायचा ते 'मीटरफेराइन'च्या, म्हणजे भाडेकरू संघाच्या, वकिलाला विचारा. वार्षिक वर्गणी भरून सभासद व्हावं लागतं.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी आणि सुट्टीला दिवसभर. दुपारच्या एक ते तीनचा देशभर कायदा नाही, पण तुमच्या इमारतीच्या नियमावलीत तो असू शकतो, वाचून घ्या. मध्यरात्री पार्टी आवरेना तर पोलिसांना बोलावता येतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तान्ह्या मुलाचं रडणं मात्र सोसावं लागतं. तुमच्याही घरी पाळणा हलेल तेव्हा हाच नियम उपयोगी पडेल.

आणि आपलं? पहाटे साडेपाचला चटणीसाठी मिक्सर, रविवारी भिंतीत ड्रिल, भारतात सकाळ झाली म्हणून भल्या पहाटे आईशी स्पीकरवर गप्पा: वरच्याच्या वहीत हे सगळं उतरू शकतं. गणपतीची आरती मी संध्याकाळी सातला करतो, आणि चार दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावतो.