रानबदकाचं पिल्लू एकटं सापडलं तर: पहिल्या तासापासून पाण्यावर परत सोडेपर्यंत

पिल्लू हाताला गार लागत असेल तर त्याला काहीही खायला घालू नका. दारी आलेल्याला आधी खाऊ घालायचं ही आपली रीत, आणि बहुतेक पिल्लं नेमकी इथेच दगावतात. गारठलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. आत गेलेलं अन्न पचत नाही, तिथेच कुजतं. अंड्यातून बाहेर येताना बदकाच्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा शिल्लक असतो आणि त्यावर ते एक-दीड दिवस सहज काढतं. उबेशिवाय मात्र ते तासा-दोन तासांत मान टाकू शकतं. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं.

इंदूरच्या आसपास ही वेळ येते ती बहुधा जुलै ते सप्टेंबरमध्ये. सिरपूर, यशवंत सागर, बिलावली, पिपल्यापाला या तलावांत पाणी भरलं की इथली बारमाही बदकं वीण घालतात. हळदीकुंकू बदक पाण्याजवळच्या गवतात, कधी कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवरही जमिनीवर घरटं करतं. अडई, म्हणजे इथल्या हिंदीतली सिल्ही, जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालते. पिल्लं अंगावरची लव वाळली की दिवसाभरात आईमागे पाण्याकडे चालू लागतात. त्या वाटेवर रस्ता असतो, कुत्री असतात, आणि झाकण नसलेले चेंबर असतात.

आधी खात्री करा: हे बदकच आहे का?

फोनवर ‘बदकाचं पिल्लू’ म्हणून सांगितलेली पुष्कळ पिल्लं बदकाची नसतात. चोच चपटी आणि रुंद, टोकाला बारीक नखासारखा उंचवटा, पुढच्या तिन्ही बोटांमध्ये सलग पडदा असेल तर ते बदक. अंग काळं कुळकुळीत, चोच टोकदार आणि बोटं लांब, सुटी असतील तर पाणकोंबडी. डोक्या-मानेवर पांढरे-काळे पट्टे आणि बोटांना पानासारख्या झालरी असतील तर टिबुकली. काटकुळे लांब पाय, ठिपकेदार अंग आणि डोक्यावर दोन पक्षी आरडाओरडा करत घिरट्या घालत असतील तर ती टिटवी; तिला हात न लावता तुम्हीच तिथून दूर व्हा. आणि अंगभर पिवळंधमक पिल्लू बहुतेक वेळा पाळीव बदकाचं असतं. त्याला तलावात सोडणं चूक. हळदीकुंकू बदकाच्या पिल्लाची पाठ गडद तपकिरी, पोट पिवळसर आणि डोळ्यातून जाणारी काळी रेघ असते. अडईचं पिल्लू काळपट-पांढरं असतं.

खरंच पोरकं आहे का?

आई माणसाला पाहून गवतात दबून बसते. पिल्लाला धोका नसेल तर तीस-चाळीस मीटर मागे जा आणि तासभर हलू नका. कुत्री बांधायला सांगा, बघ्यांना पांगवा. चेंबरमध्ये पडलेली पिल्लं बाहेर काढून टोपलीत ठेवा आणि टोपली आईला दिसेल, ऐकू येईल अशी जवळच ठेवा. त्यांच्या हाकेवर ती परत येते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. पक्षी वासावरून पिल्लू नाकारत नाहीत.

एकटंच, मोठ्याने, थांबून-थांबून ‘पीप... पीप’ ओरडणारं, इकडून तिकडे धावणारं पिल्लू मात्र बहुधा चुकलेलंच असतं. त्याला उचला. दिसेल त्या बदकिणीच्या मागे ते पाण्यात सोडून देऊ नका. परकं पिल्लू तिने चोचीने मारून बुडवल्याची उदाहरणं आहेत. जात तीच, पिल्लांचं वयही तेच, आणि तुम्हाला थांबून पाहता येत असेल तरच हा प्रयत्न करा.

कायदा आणि फोन

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे रानपक्षी परवानगीशिवाय घरी ठेवता येत नाही. कलम ३९ सांगतं की असा जीव ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. इंदूरला वनविभागाचं कार्यालय नवरतन बागेत आहे. फोन लागला की वेळ आणि बोलणाऱ्याचं पद लिहून ठेवा. दुखापत असेल तर पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य शोधा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही. पुढचं सगळं पिल्लू सुपूर्द होईपर्यंतच्या काळासाठी, किंवा विभागाने ‘तोवर सांभाळा’ म्हटलं तर, त्यासाठी आहे.

खोका आणि ऊब

साधारण ६० × ४० सेंटिमीटरचा आणि निदान ४५ सेंटिमीटर उंच पुठ्ठ्याचा खोका घ्या. वर जाळी किंवा विरळ कापड हवंच. अडईची पिल्लं ढोलीतून खाली उडी मारायला जन्मली आहेत. भिंतीवर चढतात आणि उसळतात.

तळाला वर्तमानपत्र नको. गुळगुळीत कागदावर पाय फाकत जातात आणि दोन दिवसांत नितंबाचे सांधे ढिले पडतात. जुना टॉवेल किंवा खरखरीत सुती कापड घाला. सुटे धागे नकोत, ते बोटांना गुंडाळले जातात. गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा आपल्याकडे सहज मिळतो, पण पावसाळ्यात तो दमट होऊन बुरशी धरतो. ती बुरशी फुप्फुसात गेली की पिल्लू तोंड उघडून श्वास घेऊ लागतं, आणि मग उपाय फार थोडे उरतात. कापड दिवसातून दोन-तीनदा बदला.

उबेसाठी ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला, तळापासून ३५-४० सेंटिमीटरवर लावा. एलईडी प्रकाश देतो, उष्णता नाही. दुसरं टोक गार राहू द्या, म्हणजे पिल्लाला स्वतःची जागा निवडता येते. वायर पाण्याच्या भांड्यावरून नेऊ नका आणि बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा: पहिला आठवडा ३२ ते ३५ अंश सेल्सियस, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. इंदूरच्या ऑगस्टमध्ये पिल्लाच्या चौथ्या आठवड्यापासून दिवसा बल्ब लागत नाही. पावसाच्या रात्री लागतो.

आकड्यापेक्षा पिल्लावर जास्त विश्वास ठेवा. बल्बखाली आक्रसून ओरडतंय आणि पाय गार आहेत, तर ऊब कमी. लांब कोपऱ्यात चोच उघडून धापा टाकतंय, तर जास्त. पाय पसरून, मधूनमधून बारीक कुजबुजत झोपलंय, तर बरोबर.

वीज गेली तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि दर तासाला पाणी बदला. पूर्ण गारठलेलं पिल्लू सापडलं तर हेअर ड्रायर वापरू नका. कोरडं पुसून, कापडात घेऊन तळहातांत अर्धा-पाऊण तास हळूहळू ऊब द्या.

पाणी

ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. थेंब तिकडे गेला की न्यूमोनिया. बरणीच्या झाकणात सेंटिमीटरभर कोमट पाणी घ्या, त्यात दगडगोटे किंवा मुलांच्या गोट्या भरा आणि पिल्लाच्या चोचीचं टोक एकदा बुडवा. पुढचं ते स्वतः करतं. चोच धुता यावी, नाकपुड्यांपर्यंत बुडावी इतकं पाणी हवं. अख्खं पिल्लू बसेल इतकं नको. खाण्याशेजारी पाणी कायम हवं, कारण बदक कोरडा घास पाण्याशिवाय गिळू शकत नाही आणि घशात अडकून गुदमरतं.

‘बदक आहे, टबात सोडा’ हा सल्ला पहिल्या तीन-चार दिवसांत ऐकू नका. तलावावरचं पिल्लू पोहून आलं की आईच्या पंखाखाली वाळतं आणि तापतं. इथे आई नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोमट, उथळ पाण्यात पाच मिनिटं, तुमच्या नजरेखाली. मग लगेच पुसून बल्बखाली. लव भिजून अंगाला चिकटत असेल तर आणखी दोन दिवस थांबा.

खाणं

तासभर उबेत राहून पिल्लू तरतरीत झालं की सुरुवात करा. पहिल्या दिवशी उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून, चमचाभर पाण्यात कालवून द्या. हा तात्पुरता आधार आहे. एक-दोन दिवसांपलीकडे नको. नंतर कोंबडीच्या पिल्लांना घालतात त्या खाद्याचा बारीक चुरा, २० ते २२ टक्के प्रथिनांचा, किंचित ओला करून. पोत्यावरची चिठ्ठी वाचा: कॉक्सिडिओसिसचं (कोंबड्यांच्या आतड्यातल्या परजीवी रोगाचं) औषध मिसळलेलं खाद्य घेऊ नका. बदक कोंबडीपेक्षा जास्त खातं, म्हणून औषधही जास्त जातं, आणि त्यातली काही औषधं बदकांना विषारी ठरतात.

कोंबडीच्या खाद्यात बदकाला एक गोष्ट कमी पडते: नायासिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व. बदकाला किलोभर खाद्यामागे साधारण ५५ मिलिग्रॅम लागतं. ते कमी पडलं की आठवड्याभरात पाय धनुष्यासारखे वाकतात, घोटे सुजतात, पिल्लू बसून राहतं. नायासिनची साधी गोळी कुटून लिटरभर पिण्याच्या पाण्यात ३० ते ४० मिलिग्रॅम पडेल अशी मिसळा आणि हे पाणी रोज ताजं करा. पशुवैद्याला विचारून कराल तर उत्तम.

तिसऱ्या दिवसापासून हिरवं आणि जिवंत खाणं. डबक्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या हिरव्या पानांवर ही पिल्लं तुटून पडतात. गोठेवाल्यांकडे अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) मिळतो, तोही चालतो. डासांच्या अळ्या, वाळवी, पावसात दिव्याखाली पडणारे पंखवाले किडे पाण्यात टाका. पाण्यातून वेचून खायची सवय याच वयात लागते. डबकं फवारणी केलेलं नाही ना, ते आधी विचारा. हिरवं सुरू झालं की चिमूटभर जाड वाळूही ठेवा.

पोहे, शेव, पोळी, ब्रेड, दूध नको. शेवेतलं मीठ एवढ्याशा मूत्रपिंडांना झेपत नाही आणि दूध पक्ष्यांना पचत नाही. शेंगदाण्याची पेंड किंवा मक्याचा जुना भरडा तर घरातही आणू नका. ओलसर पेंडीवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि बदकाची पिल्लं त्याला सर्वांत लवकर बळी पडतात. १९६० साली इंग्लंडमध्ये असल्याच पेंडीने टर्कींचे कळपच्या कळप गेले, त्यात बदकाची पिल्लंही होती. तिथूनच हे विष ओळखलं गेलं. ओलं केलेलं खाद्य दर तीन-चार तासांनी टाकून द्या, वास येत नसला तरी.

रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. पहिल्या दोन दिवसांत थोडं घटतं, तिसऱ्यापासून रोज वाढायला हवं. दोन दिवस वाढलं नाही तर वैद्य गाठा.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रथिनं १६ ते १८ टक्क्यांवर आणा. उड्डाणाची पिसं फुटताना वाढ फार जोरात झाली तर मनगटाचा सांधा त्या भाराने बाहेर वळतो आणि पंखाचं टोक कोटाच्या बाहीसारखं बाहेर लोंबतं. सुरुवातीलाच लक्षात आलं तर पंख नैसर्गिक घडीत मायक्रोपोर पट्टीने चार-पाच दिवस बांधून तो सरळ होतो. उशीर झाला तर पक्षी कधीच उडत नाही. फाकलेल्या पायांचंही तसंच: दोन्ही पायांत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवून पट्टीची बेडी, तीन-चार दिवस.

माया कशी करायची

हा भाग सगळ्यांत अवघड आहे, विशेषतः घरात मुलं असतील तर. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दीडेक दिवसात समोर जे हलतं तेच पिल्लाला आपलं गोत वाटतं. माणसाच्या हातात वाढलेलं बदक पुढे माणसाकडे धावत येतं, कुत्र्याला भीत नाही, आणि जोडीदार म्हणून बदक ओळखत नाही. म्हणून खोक्यात एक छोटा आरसा आणि पिसांचा झाडणीगुच्छ टांगा. पिल्लू त्याखाली शिरून झोपतं. बोलू नका, नाव ठेवू नका, फोटोसाठी हातात घेऊ नका. खाणं ठेवताना चेहऱ्यासमोर कापड धरा. एकटेपणावर खरा उपाय एकच: दुसरं रानबदकाचं पिल्लू. म्हणून वनविभागाशी बोलताना आणखी कुठे पिल्लं आली आहेत का, हे आवर्जून विचारा.

घरच्या कोंबड्यांपासून त्याला पूर्ण वेगळं ठेवा आणि दर वेळी साबणाने हात धुवा. २०२० च्या डिसेंबरअखेर डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला, ते इंदूरकरांना आठवत असेल. सापडलं तिथे आणखी पक्षी मेलेले दिसले तर पिल्लू उचलू नका; आधी पशुपालन विभागाला कळवा.

परत पाण्यावर

पिल्लू सात-आठ आठवड्यांनी उडू लागतं. तोवर त्याला उघडं अंगण, जाळीचं छत आणि पोहण्याइतकं पाणी लागतं, आणि हे फ्लॅटमध्ये होत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच ते सुपूर्द करायचा प्रयत्न करा. सोडण्याचा निर्णय विभागाचा असतो, पण तीन गोष्टी विचारा: सलग उडतंय का, अर्धा तास पोहल्यावर पोटाची पिसं कोरडी राहतात का, आणि माणूस दिसला की दूर जातंय का.

सुपूर्द करताना खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवा. तारीख, रोजची वजनं, काय खायला घातलं, कोणतं औषध दिलं, आणि सापडल्याची नेमकी जागा: कॉलनी, रस्ता, जवळचा नाला किंवा तलाव. ‘सिरपूरकडे कुठेतरी’ असं लिहिलं तर उपयोग नाही. आई आणि बाकीची भावंडं तिथेच जवळपास असतील, तर शोध तिथूनच सुरू होतो.