लिंक्डइनवरून कामाच्या ओळखी कशा वाढवायच्या

आमच्यासारख्या पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना वाटतं लिंक्डइन म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांचं काम, पण चाकणच्या कंपन्यांमधली परचेसची, म्हणजे खरेदी खात्यातली बरीच माणसं तिथेच भेटतात.

आधी नावाखालची हेडलाइन नीट करा, २२० अक्षरं मिळतात, तिथे नुसतं 'प्रोप्रायटर' लिहून काय कळणार? 'सीएनसी टर्निंग, एसएस आणि ब्रासचे छोटे पार्ट, भोसरी' असं काम, धातू (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील) आणि ठिकाण सांगणारं लिहा म्हणजे सर्चमध्ये सापडाल.

रिक्वेस्ट पाठवताना सोबत नोट हवीच. 'सर, तुमची व्हेंडर डेव्हलपमेंटची पोस्ट वाचली, आम्हीही तसेच पार्ट बनवतो, ओळख असावी म्हणून रिक्वेस्ट पाठवतोय' एवढं बास (व्हेंडर डेव्हलपमेंट म्हणजे कंपनीने नवे पुरवठादार शोधून तयार करणं). आणि त्यांनी अ‍ॅक्सेप्ट केलं रे केलं की लगेच कोटेशन आणि कॅटलॉग पाठवू नका हो, मी सुरुवातीला हेच केलं आणि एकाचंही उत्तर आलं नाही! आधी त्यांच्या पोस्टवर कामाचं काहीतरी लिहा, नुसतं 'नाइस' नको, महिन्यातून एकदोनदा आपल्या जॉबचा, म्हणजे बनवलेल्या पार्टचा फोटो टाका, पण कस्टमरचं ड्रॉइंग त्यात चुकूनही दिसता कामा नये. ओळख जरा मुरली की फोन करून वेळ घ्या आणि सॅम्पल घेऊन प्रत्यक्ष भेटून या.