आयडलिंग वरखाली होतंय? आधी रबरी पाइप बघा

पहिल्या पिढीच्या 1.6 लिटर माझदा मिआटाचा आरपीएम काटा सिग्नलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू (आयडलिंग) असताना, 850 च्या आसपास टिकत नसेल, तर लगेच आयडलिंगचा स्क्रू पिळायला जाऊ नका. आधी एअरफ्लो मीटरकडून (आत येणारी हवा मोजणारा भाग) थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप) जाणारा रबरी पाइप हाताने वाकवून चीर आहे का बघा. चीर घड्यांच्या खोबणीत असते, एरवी दिसतच नाही. तिथून न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोलचं गणित बिघडतं. मी तर सरळ पाइपच बदलते. चिरेवर लावलेली टेप उष्णतेने सुटते. मग थ्रॉटल बॉडी साफ करा, कूलंट पुरेसं आहे ना बघा. एवढं झाल्यावरच इंजिन गरम करून, एसी आणि लाइट बंद ठेवून, डायग्नॉस्टिक बॉक्समधल्या (बॉनेटखालची तपासणीची छोटी पेटी) टीईएन आणि जीएनडी लिहिलेल्या दोन जागा वायरने जोडा आणि स्क्रूने 850 लावा. नंतर ती वायर आठवणीने काढा.